वाढत्या अंगाचं गरम जाकीट

हिमालयात जायचं तर आधी काय लागतं, असं हल्ली शाळेच्या स्टाफरूममध्ये मला कुणी ना कुणी विचारतं. आम्ही नुकतेच मोटरसायकलवरून किन्नौरला जाऊन आलोय, त्यामुळे माझा भाव वधारला आहे. मी सांगते, आधी मापाची टेप लागते आणि ती नवऱ्याच्या हाती देऊ नये. लोक हसतात. त्यांना वाटतं, मी विनोद केला.

जुईनगर

मोटरसायकल आमच्या लग्नाच्या आधीची. साडेतीनशे सीसीची, काळी, आणि आवाज असा की संध्याकाळी अविनाश कारखान्यातून निघाला हे मला तो तुर्भ्याला असतानाच कळतं, असं सोसायटीतले लोक म्हणतात. अविनाश माझा नवरा. कॉलेजात आम्ही एका वर्गात होतो, म्हणून आमच्याकडे अजून ‘अहो’ आलेलं नाही, ‘अरे’वरच भागतं. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात तो मेंटेनन्स बघतो आणि रविवारी मोटरसायकलीचा मेंटेनन्स बघतो. घरातला नळ कोण बघतं, हे विचारू नये.

मला ती गाडी विकायची होती. मी वाशीच्या शाळेत भूगोल शिकवते, दिवसभर उभी असते, आणि संध्याकाळी कुठं जायचं तर पुन्हा त्या मागच्या सीटवर पाय फाकवून धक्के खायचे. मला चार चाकं, काचा आणि पाठ टेकायला गादी हवी होती. गिऱ्हाईकही तयार होतं. तळवलीचे गणपतशेठ. नवी मुंबईत आलो तेव्हा पहिली खोली आम्ही त्यांच्याच चाळीत भाड्याने घेतली होती. पूर्वी त्यांची भातशेती, आता रेती-विटांचा धंदा. माणूस दिलदार आणि देहाने ऐसपैस. दर गणपतीला आरतीच्या वेळी ते आमच्याकडे येत आणि प्रसाद हातात घेता घेता म्हणत, “वयनी, ती गारी मना द्या. सोन्यासारखी ठेवीन.”

या वर्षी मी म्हटलं, “घेऊन जा.” अविनाशच्या हातातलं तबक हललं.

त्या रात्री जेवताना त्याने तोडगा काढला. “एकदा हिच्यावरून हिमालयात जाऊन येऊ. परत येईपर्यंत तू एकदा जरी म्हणालीस ‘मला थंडी वाजते’, तर आल्या दिवशी किल्ली गणपतशेठच्या हातात. नाही म्हणालीस, तर पुन्हा हा विषय काढायचा नाही.”

मी लगेच हात पुढे केला. माझं माहेर चिपळूण. पंखा तीनवर गेला की मी पायांवर चादर ओढते. नोव्हेंबरात, किन्नौरमध्ये, मोटरसायकलवर! पैज मारण्याआधीच जिंकल्यासारखी होती. अविनाशलाही ते ठाऊक होतं. म्हणून तर त्याने ते जाकीट मागवलं.

माझा भाऊ सुधीर कॅनडात असतो. तिकडे मोटरसायकलवाल्यांसाठी एक जाकीट मिळतं, आत बारीक तारा असतात, वायर गाडीच्या बॅटरीला जोडायची, की अंग गरम. स्टेशनसमोरच्या आयएसडी बूथमध्ये घुसून आम्ही त्याला फोन लावला. सुधीर ओरडून ओरडून सांगत होता, “मापात हवं! अंगाला चिकटून बसलं पाहिजे. तार अंगाजवळ नसली तर काही उपयोग नाही. एकही इंच वाढवू नका!”

“नाही वाढवत,” अविनाश म्हणाला, आणि घरी येऊन त्याने मला दोन स्वेटर घालायला लावले.

“आतून स्वेटर असणारच ना तुझे,” तो म्हणाला, “मग माप वरूनच घ्यायला नको का?” ऑक्टोबरची दुपार होती. सोसायटीच्या टाकीतलं पाणी तापून नळाला येत होतं. मी दोन स्वेटर, कानटोपी आणि गळ्यात मफलर घालून दिवाणखान्यात हात पसरून उभी, आणि अविनाश टेप घेऊन माझ्याभोवती प्रदक्षिणा घालतोय. तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या सावंतबाई विरजण मागायला आल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि हळू आवाजात विचारलं, “मलेरिया का हो?”

एवढ्यावर थांबला असता तरी निभावलं असतं. पण अविनाश साताऱ्याकडचा, पाच भावंडांतला. त्याच्या घरात आजवर कुणी मापाचं कापड घेतलेलं नाही. पाचवीतली त्याची खाकी चड्डी आठवीपर्यंत पुरली. लग्नातला सूट त्याला आत्ता कुठे बसायला लागलाय. दुकानात शिरल्या शिरल्या त्याच्या तोंडून एकच शब्द निघतो, ‘वाढत्या अंगाचं’. त्याने प्रत्येक मापात थोडं थोडं वाढवलं.

“अरे, त्रेचाळीस वर्षांची आहे मी. कुठे वाढणार आता?”

“उभी नाही वाढणार,” असं म्हणून तो टेप गुंडाळत स्वयंपाकघरात गेला.

जाकीट आलं. सुधीरच्या ओळखीचं कुणी मुंबईला येणार होतं, त्यांच्याबरोबर. मी घातलं तर आत माझ्याबरोबर सावंतबाईही मावल्या असत्या. पण चाचणी घ्यायला हवी होती. अविनाशने बॅटरीपासून वायर काढली, हँडलखाली एक बटण बसवलं आणि मला पार्किंगमध्ये गाडीवर बसवलं. भर दुपारी. सोसायटीतली अर्धी बिऱ्हाडं गॅलरीत उभी राहिली. त्याने बटण दाबलं. थोड्याच वेळात माझ्या कपाळावरून घामाच्या धारा लागल्या.

“बघितलंत?” अविनाश सगळ्यांकडे बघत म्हणाला. “काय जबरदस्त चालतंय!”

टाळ्या पडल्या. जुईनगरच्या ऑक्टोबरात जाकीट न घालताही तेवढाच घाम येतो, हे त्या गर्दीत एकालाही सुचलं नाही. मलाही नाही, आणि मी भूगोल शिकवते.

नारकंडा

चंडीगढपर्यंत गाडी रेल्वेच्या पार्सलने आली आणि आम्ही तिच्या पाठोपाठ. ते काही सांगण्यासारखं नाही. सिमल्याच्या पुढे मात्र रस्ता देवदारांत शिरला आणि हवा बदलली. मला वाटलं होतं, थंडी हळूहळू येईल. ती बाहीतून आली.

अविनाशने बटण दाबलं. मी वाट बघत बसले. दोन स्वेटर, त्यावर ते जाकीट, आणि जाकिटाच्या खालून वारा आत शिरून मानेपाशी बाहेर पडत होता. वळणावर तर मी लग्नाच्या मांडवासारखी फुगत होते. हातमोजा काढून जाकिटावरून हात फिरवला तर कापड छान कोमट होतं. बाहेरून. आतली मी गार. तारा तापत होत्या, पण त्या माझ्यापर्यंत पोचायला मध्ये बराच मुलुख होता.

मला आनंदच झाला. गाडी विकली गेल्यात जमा होती. आता फक्त ते वाक्य म्हणायचं होतं. म्हटलं, असं वाटेत ओरडून नको, निवांत ऐकवू.

नारकंड्याला मुक्कामाच्या जागी मालकिणीने आम्हाला सरळ स्वयंपाकघरात नेऊन बसवलं. आपल्याकडे पाहुण्याला हॉलमध्ये बसवतात आणि पंखा लावतात. तिथे पाहुण्याची जागा चुलीशी. पत्र्याची बुटकी शेगडी, तिचं धुराडं छतातून बाहेर, तिला ते तंदूर म्हणतात. तिने सिड्डू दिले. कणीक आंबवून, आत अक्रोड भरून वाफवलेले, वर तुपाची धार. मोदकाची ही पहाडातली थोरली बहीण, गूळ न घेता नांदायला गेलेली. मी तीन खाल्ले, शेगडीला पाठ लावून बसले आणि वाक्य सकाळवर ढकललं.

सकाळी उठून बाहेर आले तर अंगणात अविनाश. गाडीच्या टाकीवर, सीटवर दहिवराचा पांढरा थर जमला होता, आणि गळ्यातला मफलर काढून अविनाश तो पुसत होता. माझ्याकडे पाठ होती. आणि तो गाडीशी बोलत होता. हळू, लेकीला सासरी पाठवताना बोलतात तसा.

“बघितलास ना हिमालय? तुला दाखवायचा होता. आता गणपतशेठकडे जायचं. ते जपतील. रेतीबिती नाही टाकायचे तुझ्यावर, मी सांगेन त्यांना.”

म्हणजे याला कळलं होतं. जाकीट फसलंय, बायको कुडकुडतेय आणि पैज गेलीये, हे सगळं. तरी तो गाडीला पुढचा पहाड दाखवायला निघाला होता.

मी मागे सरकले, दार मुद्दाम वाजवलं आणि पुन्हा बाहेर आले.

“झोप लागली?” त्याने विचारलं. मग जरा थांबून, “थंडी?”

वाक्य तोंडात तयार होतं. पण माझं मन भरून आलं होतं, आणि तोंडातून भलतंच बाहेर पडलं.

“थंडी कसली! उकडतंय.”

सराहन

आता आपली पंचाईत बघा. गाडी वाचवायची तर मला गरम व्हायला हवं होतं, आणि थंडी वाजते हे सांगायचं नव्हतं. सराहनला पोचेपर्यंत मी विचार केला. तिथल्या जुन्या लाकडी देवळाचं वर्णन मी इथे करायला हवं, पण खरं सांगायचं तर देवीसमोर हात जोडून मी जाकिटाचाच विचार करत होते.

आम्ही उतरलो होतो त्या घरातल्या बाई, सुंदरी देवी, लोकरीच्या अंगरख्यावर कमरेला लांबलचक पट्टा करकचून गुंडाळून होत्या. त्याला गाची म्हणतात. मी बघत राहिले आणि मला माझं बाळंतपण आठवलं. लेक झाली तेव्हा आई रोज आंघोळीनंतर जुनं मऊ लुगडं घेऊन माझं पोट बांधायची. असं घट्ट की हसू आलं तरी हसता येऊ नये.

“अविनाश,” मी म्हटलं, “या जाकिटात हवा फार खेळते. माझं पोट बांध.”

तो घाबरला. मी दोन्ही स्वेटर काढून फेकले, एक पातळ गंजीफ्रॉक अंगात ठेवला, त्यावर जाकीट. बॅगेतली जुनी सुती साडी त्याच्या हातात दिली.

“स्वेटर काढतेस? हिमालयात?” त्याचा आवाज चिरकला. त्याच्या खानदानात स्वेटर मार्चमध्ये काढतात.

“तू बांध.”

त्याने आधी भेटवस्तूला रिबीन बांधतात तसं बांधलं. मग गोफ विणला. सुंदरी देवी दारात उभ्या राहून तोंडावर हात धरून हसत होत्या. शेवटी त्यांनी त्याला बाजूला सारलं, माझ्या पाठीत गुडघा टेकवला आणि म्हणाल्या, “साँस छोड़ो, बहनजी.” छातीपासून कमरेपर्यंत जाकीट माझ्या अंगाला चिकटलं. वर त्यांनी माझा रेनकोट चढवला, वारा अडवायला. आरशात मी दिवाळीतल्या सुतळी बॉम्बसारखी दिसत होते.

दुसऱ्या दिवशी अविनाशने बटण दाबलं आणि पाठीवर कुणीतरी तव्यावरची पोळी ठेवली. मग दुसरी पोटावर. मी खुशीने किंचाळले. त्याने गाडी थांबवली.

“काय झालं?”

“उकडतंय!” मी म्हटलं, आणि या वेळी ते शंभर टक्के खरं होतं. खाली सतलज, वर चिलगोज्यांची, त्या लांबट सुक्यामेव्याची झाडं, आणि मधल्या कड्यात खोदलेल्या रस्त्यावरून मी ऊबदार चाललेय. लोक सांगतात, तिथे जीव मुठीत धरावा लागतो. मी गाणी म्हणत होते. पुढे अविनाशचे खांदे मात्र आखडलेले दिसत होते. त्याच्याकडे जुनं चामडी जाकीट आणि छातीशी खुपसलेली वर्तमानपत्रं, एवढंच होतं. “पुढच्याला इंजिनाची ऊब मिळते,” असं तो म्हणत होता, आणि मी विश्वास ठेवत होते, कारण तसं ठेवणं सोयीचं होतं.

सांगला ते चितकुल

सांगल्याच्या पुढे थोड्याच वेळात मेंढ्या आडव्या आल्या. सगळा रस्ता लोकरीने भरलेला. अविनाशने हॉर्न दाबला, तर हॉर्नमधून मेंढीचाच आवाज आला, तोही आजारी मेंढीचा. कळपातून तिघी-चौघींनी उत्तर दिलं. मेंढपाळ हसून हसून काठीवर वाकला. अविनाशला मात्र हसू आलं नाही. तो उतरला, टाकीखाली काहीतरी चाचपलं, हँडलपाशी काहीतरी केलं आणि “झालं” म्हणून परत बसला.

त्यानंतर माझ्या पाठीवरची पोळी गार होत गेली. मग पोटावरची. नदीवर कडेकडेने बर्फ धरला होता. मी ओळखलं, जाकीट बंद पडलं. बांधताना कुठली तरी तार तुटली असणार, आणि बांधायला मीच लावलं होतं. आता याला सांगितलं तर हा परत फिरेल, आणि जुईनगरला पोचल्यावर किल्ली काढून देईल. तसलाच आहे तो. मी दात आवळले.

“बरी आहेस ना?” त्याने पुढून ओरडून विचारलं.

“उकडतंय!”

थोडं पुढे जाऊन तो थांबला. चेन बघायची म्हणाला. चेनला हातही लावला नाही. गळ्यातला मफलर काढला आणि माझ्या गळ्यात टाकला. “धर जरा. मलाच उकडतंय.” त्याच्या नाकाचा शेंडा जांभळा झाला होता. पुढच्या वळणावर पुन्हा थांबला. छातीतली वर्तमानपत्रं काढली आणि म्हणाला, “ही टोचतात मला. तुझ्या रेनकोटात ठेव.” मला त्याचा राग आला. याचं अंग चांगलं तापलंय आणि आपण इथे गोठतोय, असं वाटलं. पण मी ती छातीशी घट्ट धरून बसले.

चितकुल म्हणजे गाव संपतं आणि नुसते पहाड उरतात. लाकडी घरं, छपरांवर वाळत टाकलेला चारा, आणि इतकी शांतता की गाडी बंद केल्यावर माझे दात ऐकू येतील अशी भीती वाटली. एका घरात जेवण मिळालं. आजीबाईंनी ओगल्याच्या, म्हणजे कुट्टूच्या पिठाचे चिल्टे घातले. जाळीदार, काळपट, अगदी आपल्या घावनासारखे. आमच्या चिपळूणला घावन नारळाच्या रसाशी खातात, तिथे मिठाच्या चहाशी. मी ताट घेतलं आणि तंदूरला इतकी खेटून बसले की आजीबाईंनी मला हाताने थोडं मागे ओढलं.

“ठंड लगी?” त्यांनी विचारलं.

अविनाश माझ्याकडे बघत होता. जेवायचा थांबला होता.

“नहीं, नहीं. हातमोजे सुकाना है,” मी म्हटलं. हातमोजे कोरडे ठणठणीत होते.  आपल्या ताटातला शेवटचा चिल्टा त्याने माझ्या ताटात टाकला आणि बराच वेळ मान खाली घालून बसला. मला वाटलं, मिठाचा चहा आवडला नसेल.

पुन्हा जुईनगर

परतीचा प्रवास उताराचा, आणि उताराला सगळं सोपं असतं. घरी पोचलो, अंगं शेकली, लोकांना चिलगोजे वाटले. पैज गणपतशेठच्याही कानावर गेली होती; पहिल्याच रविवारी सकाळी ते आले. परीटघडीचा पांढरा सदरा, कपाळाला गंध, आणि हातात नारळ. नवी गाडी घेताना फोडायला.

आम्ही तिघं खाली पार्किंगमध्ये उतरलो. जाकीट तिथेच सीटवर ऊन खात पडलं होतं. गणपतशेठनी ते उचललं, उलटंपालटं केलं आणि आम्ही काही म्हणायच्या आत अंगात चढवलं.

काय सांगू! छातीत बरोबर, पोटावर बरोबर, खांदे तर जसे मोजून कापलेले. कुठे सुरकुती नाही, कुठे पोकळी नाही. सातासमुद्रांपलीकडून आलेल्या त्या वाढत्या अंगाच्या जाकिटाला शेवटी त्याचं अंग सापडलं होतं, तळवलीचं.

“झ्याक हाय!” ते स्वतःकडे बघत म्हणाले. “गरम कर ना, अविनाश. बघू त खरं.”

“अहो, ते नाही चालणार,” मी पटकन म्हणाले. “सांगल्यानंतर बंदच पडलंय ते. तार तुटलीय.”

“तार नाही तुटलेली,” अविनाश त्याच वेळी म्हणाला. “मीच बटण बंद केलं होतं. बॅटरी बसत आली होती, म्हणून.”

आणि मग आम्ही दोघंही गप्प झालो.

मी त्याच्याकडे बघितलं. म्हणजे याला ठाऊक होतं. चितकुलपर्यंत मी ज्या ज्या वळणावर ‘उकडतंय’ म्हणून ओरडले, त्या प्रत्येक वळणावर याला ठाऊक होतं की माझ्या पाठीवर काहीही गरम नाही. मफलर. वर्तमानपत्रं. तो शेवटचा चिल्टा. त्याचे कान लाल झाले होते, आणि मला हसावं की रडावं कळेना, म्हणून मी पदराने उगाच गाडीचा आरसा पुसला.

गणपतशेठ धंद्यातले. दोन माणसं अचानक गप्प झाली की आत काहीतरी आहे हे त्यांना कळतं. ते एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत म्हणाले, “म्हंजे जाकीट बंद व्हतं? मंग वयनी, खरं सांगा. तुमाला थंडी वाजली का नाय?”

पैज माझ्या जिभेवर येऊन बसली होती. एक शब्द, आणि माझी चार चाकं, काचा आणि गादी. अविनाशने खिशातून किल्ली काढून हातात धरली होती. तसलाच आहे तो.

“छे हो,” मी म्हटलं. “उकडलं मला.”

अविनाशने जाकिटाची वायर जोडली, किल्ली गाडीला लावली, किक मारली आणि हँडलखालचं बटण दाबलं.

“मलाही,” तो इंजिनाच्या आवाजावर ओरडला.

गणपतशेठनी आमच्याकडे बघत बघत नारळ एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. मग त्यांच्या कपाळावरचं गंध ओघळायला लागलं, गळ्याची चेन घामाने चमकायला लागली, आणि ते जाकिटाची चेन ओढत म्हणाले, “मना त खरंच उकडतंय! काडा आता ह्ये!”

आमच्या तिघांत खरं बोलणारे ते एकटेच होते.